पूर ओसरल्यावर मदत कुणाच्या दारात? सांगलीतल्या मंडळांसाठी निवडीच्या पद्धतींची तुलना

जुलै संपत आला की सांगलीत फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला पुन्हा ५४ ओलांडून. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पाणी उतरल्यावरचा प्रश्न मात्र कुणालाच पाठ नसतो: आलेली मदत कुणाला द्यायची, आणि ते ठरवायचं कसं?

हा आढावा त्या प्रश्नापुढे उभ्या असलेल्यांसाठी आहे. तुमचं गणेश मंडळ असेल, माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप असेल, पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या सांगलीकरांनी गोळा केलेली वर्गणी असेल किंवा एखाद्या कारखान्याचा सामाजिक निधी असेल. हातात पाच लाख आहेत किंवा पन्नास, आणि समोर अख्खं शहर ओलं आहे. अशा वेळी निवडीच्या निरनिराळ्या पद्धती जगभर वापरल्या जातात. त्यातली कुठली आपल्या गल्लीत चालते आणि कुठली फसते, ते मी दोन पुरांत वही घेऊन फिरताना पाहिलं आहे.

२०१९ मध्ये आमच्या गटानं पहिल्या आठवड्यात जे वाटलं, त्यातलं बरंचसं मोठ्या रस्त्यालगतच संपलं. ट्रक चौकात थांबतो, कारण आत गाळ असतो. चौकात जो धावत येऊ शकतो त्याला मिळतं. तिसऱ्या दिवशी एक आजी म्हणाल्या, "बाळा, आमच्या बोळापर्यंत गाडीचा आवाज येतो, गाडी येत नाही." त्या वाक्यामुळे मी या विषयाच्या मागे लागलो.

आधी चार घरं डोळ्यांपुढे ठेवू

पद्धतींची तुलना हवेत करण्यापेक्षा नमुन्यादाखल चार घरं घेऊ. अशी घरं सांगलीत शेकड्यांनी सापडतील.

पहिलं घर गावभागातला जुना वाडा. तळमजल्यावर सत्तरीतले मालक-मालकीण, मुलगा पुण्यात. घरपट्टी, रेशनकार्ड, वीजबिल सगळं नावावर. घरात पुरुषभर पाणी. नुकसान मोठं आहे, पण मागे आधार आहे.

दुसरं घर त्याच वाड्याच्या मागच्या खोलीतलं. भाडेकरू नवरा-बायको, दोन मुलं. भाडेकरार नाही, रेशनकार्ड जत तालुक्यातल्या गावाकडचं. गादीपासून गॅसपर्यंत सगळं गेलं.

तिसरं शामरावनगरमधलं. बाई पहिल्या मजल्यावर राहतात, ब्लाउज शिवतात. मशीन आणि गिऱ्हाइकांचं कापड तळमजल्यावरच्या खोलीत होतं. राहत्या घरात पाण्याचा थेंब नाही, पण रोजीरोटी बुडाली आणि लोकांच्या कापडाची भरपाई डोक्यावर.

चौथं घर संजयनगरच्या उंचवट्यावर. हमाल कुटुंब, घर कोरडं. पण यार्ड आणि पेठ बंद असल्यानं पंधरा दिवस मजुरी नाही, आणि दोन खोल्यांत पूरपट्ट्यातले दोन पाहुणे-कुटुंबं राहायला आलेली. चूल एक, माणसं चौदा.

प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारायचा: या चौघांपैकी कोण हाती लागलं आणि कोण निसटलं? निवडीत चुका दोनच प्रकारच्या होतात. गरजू असून सुटलेलं घर, आणि गरज नसून यादीत शिरलेलं घर. एक चूक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. वर्गणी देणाऱ्याला शिरलेलं घर टोचतं, कारण त्याचा फोटो व्हायरल होतो. सुटलेल्या घराचा फोटो कुणीच काढत नाही. माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या दहा दिवसांत शिरलेली घरं सोसावीत आणि सुटलेलं घर शोधत फिरावं.

पाहणी आणि निवड ही दोन वेगळी कामं

आपल्याकडे ही दोन कामं सर्रास एकत्र होतात. वही घेऊन गेलं की लोकांना वाटतं नाव लिहिलं म्हणजे मिळणार. पाहणीत विचारायचं असतं, "या वस्तीला आज काय कमी आहे?" निवडीत विचारायचं असतं, "हे कोणत्या घराला द्यायचं?" पहिल्यासाठी घरोघर जायची गरज नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या समन्वयाखाली संस्था मिळून जी प्राथमिक जलद पाहणी करतात, तिचा क्रम शिकण्यासारखा आहे. पहिल्या ७२ तासांत हाती असलेल्या माहितीवर अंदाज बांधायचा. दोन आठवड्यांच्या आत वस्त्यांवस्त्यांतून माहिती गोळा करून चित्र पक्कं करायचं. कुटुंबनिहाय फॉर्म त्यानंतर. सांगलीत पहिल्या ७२ तासांची माहिती तर तयारच असते. आयर्विनच्या पातळीवरून कुठला भाग पाण्यात आहे हे कळतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर, काकानगर इथं पाणी सर्वांत आधी येतं आणि गाळ सर्वांत शेवटी निघतो. पुढे शामरावनगर, मारुती चौक, गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर, तिकडे मिरजेचा कृष्णा घाट.

नंतर पायी फेरी. एका वस्तीत पाच माणसांशी बोला: आशाताई, अंगणवाडी सेविका, रेशन दुकानदार, रिक्षा स्टँडवरचा एखादा जुना माणूस आणि धुणीभांडी करणारी एक बाई. पाचव्या व्यक्तीला वगळू नका. कुठल्या फ्लॅटमध्ये कोण अडकलंय आणि कुठल्या खोलीत कोण उपाशी आहे, हे तिला दोन्ही बाजूंचं माहीत असतं.

गुगल फॉर्मचा मोह टाळा. २०२१ ला आम्ही तो फिरवला. ज्यांचे मोबाइल चार्ज होते आणि ज्यांच्या घरात कॉलेजची मुलं होती, त्यांचीच उत्तरं आली. त्यावरून नकाशा काढला असता तर अपार्टमेंटं सर्वांत गरजू दिसली असती.

आणि जे देणं आपल्या ऐपतीत नाही, त्याबद्दल विचारू नका. किट वाटणाऱ्यानं भिंतीच्या तड्याचं माप घेऊन जाऊ नये. ती बाई पुढचे तीन महिने तुमची वाट पाहते.

सरसकट: पूररेषेच्या आत प्रत्येक दार

भाग ठरवायचा आणि त्या भागातल्या प्रत्येक घराला सारखंच द्यायचं. सोपी, वेगवान, भांडण कमी. पहिलं, दुसरं घर मिळालं. तिसरं मिळालं, कारण दार पूररेषेच्या आत आहे, पाणी वर चढलं की नाही हे कुणी विचारत नाही. चौथं पूर्ण सुटलं.

ही पद्धत केव्हा योग्य, याचा हिशेब कागदावर करता येतो. समजा २० लाख रुपये आहेत आणि भागात १,००० घरं. सरसकट दिलं तर घरटी २,००० रुपये. त्यातली ७०० घरं खरोखर गरजू असतील आणि तुम्ही ती निवडून काढली, तर प्रत्येकी साधारण २,८५० मिळतील. साडेआठशे रुपयांच्या फरकासाठी हजार घरांत जायचं. एका घराला अर्धा तास धरला तर ५०० तास. दहा जोड्या रोज सहा तास फिरल्या तरी आठ-नऊ दिवस. तेवढ्या दिवसांत चूल थंड. शिवाय पाचात एक चूक झाली तर १४० गरजू घरं सुटली. उलट हजारात २०० च गरजू असतील, तर निवडून प्रत्येकी १०,००० देता येतात, आणि तिथं निवडीचे कष्ट सार्थकी लागतात. माझा ढोबळ नियम असा: दहापैकी सात घरं गरजू वाटत असतील तर निवडू नका, वाटा.

सरसकट देताना "काय" हे नीट मोजायला हवं. मानवी मदतीच्या जागतिक किमान मानकांत माणशी रोज २,१०० किलोकॅलरी अन्न आणि १५ लिटर पाणी धरलं जातं. पाच माणसांच्या घराला रोज १०,५०० किलोकॅलरी लागतात. आपल्याकडचं नेहमीचं किट म्हणजे पाच किलो धान्य, किलोभर डाळ, लिटरभर तेल, अर्धा किलो साखर. हिशेब केला तर ते सुमारे तीन दिवस पुरतं. आठवडाभराचं म्हणायचं असेल तर १३ किलो धान्य, ३ किलो डाळ, दीड किलो तेल आणि किलोभर साखर लागेल. पाण्याचंही तसंच. शंभर घरांच्या गल्लीला रोज साडेसात हजार लिटर. खोक्यांतल्या बाटल्या गोळा करण्यापेक्षा टँकरचं भाडं द्या.

पहिले तीन दिवस मात्र कोरडा शिधा बिनकामाचा. शेगडी गाळात असते. २०१९ मध्ये जत-आटपाडीकडच्या दुष्काळी गावांतून भाकऱ्यांची गाठोडी आली. ज्यांच्या शेतात पाण्याचा टिपूस नव्हता त्यांनी बुडालेल्यांना भाकरी पाठवली. ती आठवण आजही गळा दाटून आणते. आणि ती मदत होतीही अचूक: शिजवलेलं, टिकणारं, हातात धरून खाता येणारं.

गर्दीवर एक उपाय हैतीतून घेण्यासारखा आहे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर पोर्ट-ओ-प्रिन्स शहरात ट्रकभोवती चेंगराचेंगरी व्हायला लागली. तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमानं शहरात १६ ठिकाणं ठरवली, वस्तीत आधी कुपनं वाटली आणि ती बायकांच्याच हाती दिली. कुपन दाखवून तांदळाचं पोतं. आम्ही २०२१ मध्ये रात्री गल्लीत कुपनं दिली आणि सकाळी शाळेच्या आवारात वाटप केलं. धक्काबुक्की नाही, बोळातल्या आजींनाही मिळालं.

पंचनामा: नुकसान पाहून

ही सरकारची पद्धत, आणि मंडळांना सर्वांत मोहात पाडणारीही हीच. यादी आयती मिळते. तलाठी, मनपाचे कर्मचारी फिरलेले असतात, कागदावर सही असते. आपण त्याच यादीवर वाटलं की कुणी बोट दाखवू शकत नाही.

पण पंचनामा ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो प्रश्न तुमचा आहे का हे आधी पाहा. पंचनामा सांगतो, कोणती मालमत्ता किती बुडाली. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातमध्ये घरांचे जी-१ ते जी-५ असे वर्ग केले होते, किरकोळ तड्यापासून पूर्ण कोसळण्यापर्यंत. बांधकामाच्या भरपाईसाठी ही वर्गवारी उपयोगी पडली. पण वर्ग भिंतीला मिळतो, त्यात राहणाऱ्याला मिळत नाही. जुन्या भुज शहरात भाडेकरूंचा प्रश्न म्हणूनच मोठा झाला.

आपल्याकडे निकष कसे सरकतात तेही बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोफत १० किलो गहू आणि १० किलो तांदळासाठी घर दोन दिवस पाण्यात असण्याची अट शासन निर्णयात होती. तिच्यावर मोठा संताप उसळला, आणि तो योग्यच होता. दीड दिवसात पीठ काही कोरडं राहत नाही. पुढे रोख मदत शहरी कुटुंबाला १५,००० आणि ग्रामीण कुटुंबाला १०,००० अशी ठरली, त्यातले ५,००० हातात आणि बाकीचे बँक खात्यावर. २०२१ ला कुटुंबाला १०,००० रुपये सानुग्रह, दुकानदाराला जास्तीत जास्त ५०,०००, टपरीधारकाला १०,००० अशी विभागणी झाली. दुकान आणि टपरी वेगळी मोजणं हे चांगलं पाऊल होतं. तरी आपल्या चार घरांत पाहा. पहिलं घर यादीत हमखास. दुसऱ्याला मालकानं "हे आमच्याकडे राहतात" म्हणून सांगितलं तर. तिसरं सुटलं, कारण घरात पाणी नाही आणि मशीनला ना दुकानाचा परवाना ना टपरीची नोंद. चौथं तर यादीच्या आसपासही नाही.

२०१९ मध्ये पंचनाम्याची यादी हाती घेऊन आम्ही एका वाड्यात गेलो. यादीत एक नाव, आत चुली सहा. कागद बरोबर होता, आणि पाच कुटुंबं त्यात नव्हती. त्या दिवसापासून मी नियम केला: माणसं मोजण्याआधी चुली मोजायच्या.

तेव्हा पंचनाम्याची यादी तळाला ठेवा, वर आपलं काम करा. आणि सरकारी मदत ज्याला मिळाली त्याला आपणही तेवढंच देण्याऐवजी, तिच्यात न बसलेल्यांकडे वळा. मंडळाच्या पैशाचं खरं मोल तिथं आहे.

गटवार निकष

विधवा, साठीपुढचे एकटे, अपंग, लहान मुलं असलेल्या घरांना द्यायचं. कागदावर सुटसुटीत आणि देणगीदाराला पटणारं. तुर्कस्ताननं निर्वासितांसाठी नोव्हेंबर २०१६ पासून हेच केलं: एकट्या स्त्रिया, एकटे पालक, एकटे वृद्ध, चार किंवा जास्त मुलांची घरं, गंभीर अपंगत्व, कमावत्यांच्या मानानं खाणारी तोंडं जास्त असलेली कुटुंबं. ही कुटुंबं बहुतेक शहरांतच विखुरलेली होती, पैसे कार्डावर जमा व्हायचे. लाखो लोकांपर्यंत वेगानं पोचायला ही पद्धत कामाला आली. पण दोन धट्टेकट्टे पालक आणि दोन-तीन मुलं असलेलं गरीब घर निकषात बसेना. पुढे स्थानिक कार्यालयांना काही जागा स्वतःच्या विवेकानं भरण्याची मुभा द्यावी लागली.

आपलं दुसरं घर अगदी तसंच आहे. चौथंही. पहिलं मात्र वयामुळे आत. गटवार निकष एकटे कधीच वापरू नयेत. रांगेत आधी कोण, एवढं ठरवायला ते उत्तम.

गुणांकनाचा फॉर्म

घराचं छप्पर, फरशी, फ्रिज, दुचाकी, कमावती माणसं, शिक्षण यांना गुण द्यायचे. बेरीज ठरावीक रेषेच्या खाली असेल तर मदत. मोठ्या संस्था याच्या प्रेमात असतात, कारण निर्णय माणसानं घेतल्यासारखा दिसत नाही.

पूरग्रस्त शहरात याची अडचण मुळातच आहे. फॉर्म वस्तू मोजतो आणि पुरानं वस्तूच पालटल्या आहेत. "फ्रिज आहे का?" याचं खरं उत्तर "आहे, अंगणात गाळ निथळत उभा आहे" असं असतं. त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नसतो. शिलाईवाल्या बाईंकडे वरच्या मजल्यावर टीव्ही आहे, म्हणून त्या सुखवस्तू ठरतात. जुन्या वाड्याला सागवानी खांब आहेत, म्हणून त्यातले वृद्ध श्रीमंत.

तरीही रक्कम मोठी असेल, समजा घरटी पन्नास हजार, तर फॉर्म हवा. तेव्हा प्रश्न बदला. वस्तूंऐवजी विचारा: पुराआधीच्या आठवड्यात घरात किती पैसे येत होते, आता किती येतात, कामाचं साधन कुठं होतं, कर्ज किती, आज या छपराखाली किती माणसं जेवतात. शेवटच्या प्रश्नानं चौथं घर सापडतं. त्यातले पाहुणे बाकी कुठल्याच प्रश्नात दिसत नाहीत.

गल्लीची यादी: लोकांनीच ठरवलेली

माझं मन या पद्धतीकडे झुकतं, म्हणून तिचे दोषही सविस्तर सांगतो.

गल्लीतल्या लोकांना बसवायचं आणि विचारायचं, "तुमच्यात सर्वांत जास्त कुणाचं गेलं? परत उभं राहायला कुणाला जड जाईल?" फॉर्मला जे दिसत नाही ते शेजाऱ्याला दिसतं. नवरा दारू पितो, पोरगं आजारी आहे, भिशीचे पैसे पाण्यात गेले.

इंडोनेशियात ६४० वस्त्यांवर या दोन पद्धती समोरासमोर आजमावल्या गेल्या. खर्चाच्या मापानं गरीब ओळखण्यात गुणांकन थोडंसं सरस ठरलं, पण लोकांचं समाधान गल्लीच्या यादीनं बरंच जास्त झालं. गरिबी म्हणजे काय याची लोकांची व्याख्या फक्त खर्चाची नव्हती, हेही त्यात दिसलं. ती पाहणी आपत्तीनंतरची नव्हती. तरी समाधान ही मऊ गोष्ट समजू नका. पूर ओसरलेल्या गल्लीत शेजाऱ्याशी बोलणं बंद होणं हेही नुकसानच आहे.

शहरातला अनुभव केनियाचा आहे. २००८ च्या सुरुवातीच्या निवडणूकोत्तर हिंसाचारानंतर आणि धान्याच्या भाववाढीत नैरोबीच्या कोरोगोचो आणि मुकुरू या झोपडवस्त्यांत संस्थांनी स्थानिक समित्यांच्या मदतीनं घरं निवडली, आणि पैसे एम-पेसा या मोबाइल सेवेनं थेट पाठवले. तिथंही खरा प्रश्न हाच होता की दाट वस्तीत गरीब आणि अतिगरीब एकाच भिंतीला टेकून राहतात. बाहेरून आलेल्याला फरक दिसत नाही.

आता दोष. गल्लीची यादी म्हणजे बरेचदा मंडळाच्या अध्यक्षाची यादी. नवीन भाडेकरू, परप्रांतीय कामगार, नवऱ्यानं टाकलेली बाई, गल्लीशी जुनं भांडण असलेलं घर, ही नावं कुणाच्या तोंडी येत नाहीत. एका ठिकाणी आम्हाला साठ नावं मिळाली. त्यात एकच आडनाव तेवीस वेळा होतं. सगळे खोटे नव्हते, पण सगळी गल्लीही त्यात नव्हती.

त्यावर आम्ही शोधलेला उपाय म्हणजे दोन याद्या. एक मंडळाच्या पोरांकडून, दुसरी त्याच गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांकडून, एकमेकांना न दाखवता. दोन्हींत असलेली नावं थेट पक्की. एकाच यादीत असलेल्या घरी जाऊन पाहायचं. बायकांच्या यादीत भाडेकरू आणि एकट्या स्त्रिया ठळकपणे जास्त येतात, कारण पाणी भरताना, रेशनच्या रांगेत त्या एकमेकींना भेटलेल्या असतात. आपलं दुसरं आणि तिसरं घर याच यादीतून सापडलं असतं. अंतिम नावं चौकात मोठ्यानं वाचायची, पण कारण वाचायचं नाही. कुणाचं कर्ज, कुणाचं दुखणं हे फलकावर लावण्याचा अधिकार आपल्याला मदत देण्यातून मिळत नाही. फोटोचंही तेच. किट हातात देऊन बाईला कॅमेऱ्याकडे बघायला सांगणं बंद करा. देणगीदाराला पावत्या आणि हिशेब दाखवा.

चौथं घर मात्र याही पद्धतीत सुटतं, कारण ती गल्ली पूरपट्ट्यातच नाही. म्हणून उंचावरच्या वस्त्यांत, संजयनगर, कुपवाडकडे, वेगळी फेरी काढा आणि एकच विचारा: "तुमच्याकडे पाहुणे कोण राहिलेत?"

कामावर मजुरी

नोव्हेंबर २०१३ च्या वादळानंतर फिलिपिन्सच्या टॅक्लोबान शहरात त्झू ची या तैवानच्या संस्थेनं साफसफाईला येईल त्याला दिवसाला ५०० पेसो दिले. निवड आपोआप होते, ज्याला गरज तो येतो. शहरही स्वच्छ होतं. आपल्याकडे गाळ काढण्यासाठी हे सहज जमण्यासारखं आहे, आणि चौथ्या घरातल्या हमालाला इथं पहिल्यांदा काहीतरी मिळतं. आजारी, वृद्ध, लेकुरवाळी यांना नाही. गमबूट आणि हातमोजे दिल्याशिवाय कुणाला गाळात उतरवू नका. लेप्टोचा, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका खरा आहे.

वस्तू की रोख?

यावर फार चर्चा नको. गणपती पेठेतली आणि गल्लीतली किराणा दुकानं बंद आहेत तोवर वस्तू. उघडली की रोख. दुकानदारही पूरग्रस्तच आहे, तुमचे पैसे त्याच्या गल्ल्यात गेले तर दोघं उभे राहतात. खात्यावर पाठवणार असाल तर पासबुक भिजलेलं, खातं बंद पडलेलं, सिमकार्ड हरवलेलं अशी घरं आधी विचारून वेगळी काढा. त्यांना हातात द्या, सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार घेऊन.

मग निवडायचं काय?

पैसा पाच लाखांच्या आत असेल तर एकच गल्ली किंवा एकच प्लॉट घ्या आणि सरसकट द्या. पाच लाखांत सांगली वाचवायला निघालेल्यांचं सगळं चौकातच संपतं, हे आम्ही भोगलं आहे. जिथं इतर ट्रक पोचत नाहीत तो भाग निवडा. त्यासाठी रोज संध्याकाळी बाकीच्या गटांना फोन करून "आज तुम्ही कुठं?" एवढं विचारा.

वीस-तीस लाख असतील तर दोन टप्पे. पहिल्या दहा दिवसांत साधारण एक तृतीयांश सरसकट, कुपनानं. उरलेलं गाळ निघाल्यावर, दोन याद्यांच्या पद्धतीनं, रोख. उंचावरच्या यजमान घरांसाठी त्यातला एक हिस्सा आधीच बाजूला काढा. शेवटी उरलं तर देऊ म्हटलं की काहीच उरत नाही.

पन्नास लाखांच्या वर, आणि घरटी रक्कम मोठी असेल, तर दोन याद्यांतून आलेल्या नावांवर बदललेल्या प्रश्नांचा फॉर्म लावा. आधी यादी, मग फॉर्म, हा क्रम उलटा करू नका. फॉर्मपासून सुरुवात केली की हजार घरांत अपेक्षा पेरून येता.

रक्कम कितीही असो, दहावा हिस्सा राखून ठेवा आणि तक्रारीचं टेबल लावा. वाटपानंतर सलग तीन दिवस, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, शक्यतो संध्याकाळी सातनंतर, म्हणजे कामावरून येणाऱ्यांना जमतं. टेबलावर यादी करणाऱ्यांपैकी कुणी बसू नये. एक बाई असावीच. आमच्याकडे २०२१ ला पहिल्या संध्याकाळी कुणी फिरकलं नाही, दुसऱ्या दिवशी चार आले, तिसऱ्या दिवशी रांग लागली. लोक आधी पाहतात की जाणाऱ्याचं ऐकलं जातं का. त्या रांगेतली बहुतेक घरं खरोखर सुटलेली होती, त्यातली निम्मी भाडेकरूंची.

आणि काम संपलं की ती यादी फेकू नका. कुठल्या बोळात कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, कुठल्या वाड्यात किती चुली आहेत, कुणाचे पाहुणे कुठल्या उंचावर जातात, हे पुढच्या पुराआधी लागणार आहे. मे महिन्यात एकदा बसून ती ताजी करा. नावांपुढची खासगी माहिती दोघा-तिघांपुरतीच ठेवा. एक प्रत आशाताईंकडे द्या, आणि मंडळाची प्रत तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नका. आमची २००५ ची वही तशीच ठेवली होती. २०१९ ला ती पाण्यात गेली.